न्यूयॉर्कची सबवे: पहिल्या टॅपपासून गाडी बदलण्यापर्यंत, नव्याने येणाऱ्यांसाठी

न्यूयॉर्कला शिकायला किंवा नोकरीला आलेला माणूस पहिल्या आठवड्यात सबवेत हमखास चुकतो. मुंबईच्या लोकलवर वाढलेला असला तरी चुकतो. चुकण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत: उलट्या दिशेच्या प्लॅटफॉर्मवर उतरणं, हवं ते स्टेशन फास्ट गाडीने मागे टाकणं, एकाच नावाच्या दोन स्टेशनांत घोटाळा होणं आणि शनिवारी सकाळी नेहमीची गाडी न येणं. यातल्या प्रत्येक गोष्टीमागे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं एखादं कारण आहे. ते कारण कळलं की नियम घोकावा लागत नाही. म्हणून या लेखात पायऱ्या आणि इतिहास वेगळे ठेवलेले नाहीत.

पायरी १: पैसे कसे भरायचे ते घरूनच ठरवून निघा

४ जानेवारी २०२६ पासून एका फेरीचं भाडं ३ डॉलर आहे. अंतराचा इथे हिशोब नाही. मॅनहॅटनच्या उत्तर टोकापासून फार रॉकअवेच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत ए गाडीने ३१ मैल जा नाहीतर एकच स्टेशन जा, भाडं तेच. फर्स्ट क्लास नाही, लेडीज डबा नाही, बाहेर पडताना तिकीट दाखवणंही नाही. एकदा आत गेलात की बाहेर पडेपर्यंत कितीही गाड्या बदला.

पैसे भरण्याच्या व्यवस्थेचं नाव ओम्नी. कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड, फोन किंवा घड्याळ गेटवरच्या पडद्याला टेकवायचं, ‘गो’ अक्षरं दिसली की आत जायचं. यातलं काही नसेल तर स्टेशनवरच्या मशीनमधून ओम्नी कार्ड घ्या, त्यात रोख पैसेही भरता येतात. आधी आलेला एखादा मित्र जुनं पिवळं मेट्रोकार्ड काढून देईल, पण त्याची विक्री ३१ डिसेंबर २०२५ ला थांबली आहे. त्याच्या भरवशावर राहू नका.

भारतातलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड घेऊन येत असाल तर विमानात बसण्याआधीच बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार चालू करून ठेवा. आपल्याकडच्या कार्डांवर ते बंद असू शकतात, आणि गेटपाशी मागे रांग लागलेली असताना ओटीपीची वाट पाहत उभं राहणं नको वाटतं. बँक परकीय चलनाचं शुल्क लावत असेल तर ओम्नी कार्डच बरं.

पासऐवजी इथे वरची मर्यादा आहे. पहिल्या टॅपपासून सात दिवसांत ३५ डॉलर झाले, म्हणजे साधारण बारा फेऱ्या झाल्या, की उरलेल्या दिवसांतल्या फेऱ्या फुकट. अट एवढीच की दर वेळी तेच कार्ड किंवा तोच फोन टेकवायचा. तुमचं प्लास्टिकचं कार्ड आणि तेच कार्ड भरलेला फोन, ही ओम्नीच्या लेखी दोन वेगळी माणसं आहेत. सकाळी कार्ड आणि संध्याकाळी फोन असं केलंत तर हिशोब दोन वह्यांत विभागला जातो आणि मर्यादा कधी गाठलीच जात नाही. नवरा-बायको एकाच कार्डावर टॅप करत असतील तरीही तेच, मर्यादेत फक्त पहिला टॅप धरतात. प्रत्येकाचं कार्ड वेगळं ठेवा. सबवेतून बाहेर पडून दोन तासांच्या आत स्थानिक बस पकडली तर बसचे पैसे पडत नाहीत, पण त्यालाही हीच अट. ४४ इंचांपेक्षा कमी उंचीची तीन मुलं मोठ्या माणसाबरोबर फुकट जातात.

पायरी २: आकडे आणि अक्षरं यांतला फरक समजून घ्या

नकाशावर १ ते ७ या आकड्यांच्या गाड्या दिसतात आणि ए, बी, सी पासून झेडपर्यंत मधली मधली अक्षरं घेतलेल्या गाड्या दिसतात. नवखा माणूस याला नुसती नावं समजतो. खरं तर इथेच सगळा इतिहास आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

मार्च १८८८ मध्ये न्यूयॉर्कवर असं हिमवादळ आलं की रस्त्यावरच्या घोडागाड्या आणि डोक्यावरून जाणाऱ्या वाफेच्या गाड्या अडकून पडल्या. गाड्या जमिनीखाली न्यायला हव्यात, हा विचार त्यानंतर जोर धरू लागला. १९०० मध्ये खोदकाम सुरू झालं. मुख्य अभियंता होते विल्यम बार्कले पार्सन्स. २७ ऑक्टोबर १९०४ ला सिटी हॉलपासून ब्रॉडवेवरच्या १४५व्या स्ट्रीटपर्यंत पहिली लाइन सुरू झाली: ९.१ मैल, २८ स्टेशनं, भाडं पाच सेंट. महापौर जॉर्ज मॅक्लेलन यांच्या हातात समारंभापुरतं नियंत्रण दिलं होतं. त्यांनी ते सोडलंच नाही आणि गाडी स्वतः १०३व्या स्ट्रीटपर्यंत नेली.

ही लाइन चालवणारी खाजगी कंपनी म्हणजे आयआरटी. आजच्या आकड्यांच्या गाड्या तिच्या वारसदार. ब्रुकलिनकडून दुसरी कंपनी वाढत आली, ती पुढे बीएमटी म्हणून ओळखली गेली. १९१३ मध्ये शहराने या दोघींशी मोठे करार केले आणि नकाशावरचं बरंचसं जाळं त्या करारांतून उभं राहिलं. करारात पाच सेंट भाडं बांधून घातलं होतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंड, कोळसा, मजुरी सगळं महागलं, तिकीट मात्र जागच्या जागी. ते १९४८ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षं, पाच सेंटच राहिलं. प्रवाशांना हे गोड लागलं. कंपन्या मात्र आतून पोखरत गेल्या, दुरुस्त्या पुढे ढकलल्या गेल्या, आणि ती थकबाकी या शहराने पुढे कित्येक दशकं फेडली.

तिसरी यंत्रणा शहराने स्वतः उभारली: आयएनडी. तिची पहिली लाइन १० सप्टेंबर १९३२ ला मॅनहॅटनच्या आठव्या अव्हेन्यूखाली (अव्हेन्यू म्हणजे तिथला उत्तर-दक्षिण जाणारा रस्ता) सुरू झाली. तिची कल्पना रेटणारे महापौर जॉन हायलन तरुणपणी ब्रुकलिनच्या उन्नत गाड्यांवर चालक होते आणि तिथून त्यांना काढून टाकलं होतं. खाजगी कंपन्यांवरचा राग त्यांनी कधी लपवला नाही. आयएनडीच्या लाइनी जुन्या लाइनींना समांतर, कधी एकच अव्हेन्यू सोडून टाकल्या गेल्या, त्यात या कंपन्यांचे प्रवासी ओढून घेण्याचा हेतू होता. जून १९४० मध्ये शहराने दोन्ही कंपन्या विकत घेतल्या आणि तिन्ही जाळी एक झाली.

तीन शेजाऱ्यांची घरं मधल्या भिंती पाडून एक केली तरी उंबरे आणि पायऱ्या जिथल्या तिथे राहतात. सबवेचं तसंच आहे. आयआरटीचे डबे पावणेनऊ फूट रुंद, बाकी दोघांचे दहा फूट. अक्षरांची गाडी आकड्यांच्या बोगद्यात मावतच नाही. म्हणून दुरुस्तीच्या दिवशी एफ गाडी ईच्या रुळांवरून जाताना दिसेल, पण ६ नंबरच्या रुळांवरून कधीच नाही. रुंद गाडी आली तर ती अक्षराची, चिंचोळी आली तर आकड्याची, इतकं नजरेला कळू लागलं की निम्मं काम झालं.

रंगांबद्दल एकच लक्षात ठेवा. रंग गाडीचा नसतो, मॅनहॅटनमध्ये ती कुठल्या अव्हेन्यूखालून जाते त्याचा असतो. आठवा अव्हेन्यू निळा, सहावा नारिंगी, ब्रॉडवे पिवळा, लेक्सिंग्टन हिरवा, सातवा लाल. ही रंगपद्धत १९७९ च्या नकाशापासून आहे. त्यामुळे “निळी गाडी पकड” असं कुणी सांगितलं तर लगेच विचारा, ए, सी की ई? तिघी निळ्या आहेत आणि ई क्वीन्समध्ये जाते, ए ब्रुकलिन ओलांडून जाते.

पायरी ३: दिशा आणि पत्ता पक्का करा

मॅनहॅटनमध्ये स्ट्रीटचे आकडे उत्तरेकडे वाढतात. उत्तरेला जाणं म्हणजे अपटाउन, दक्षिणेला जाणं म्हणजे डाउनटाउन. तुम्ही ३४व्या स्ट्रीटवर आहात आणि ८६व्यावर जायचंय, तर अपटाउन. १४व्यावर जायचंय, तर डाउनटाउन. मॅनहॅटनच्या बाहेर पाट्यांवर ‘मॅनहॅटनकडे’, ‘कोनी आयलंडकडे’ अशी शेवटची दिशा लिहिलेली असते. जी गाडी सोडली तर छोट्या शटल (आखूड मार्गावर ये-जा करणाऱ्या गाड्या) वगळता सगळ्या लाइनी कुठे ना कुठे मॅनहॅटनला शिवतात.

आता नावांचा घोटाळा. ‘२३ स्ट्रीट’ नावाची पाच स्टेशनं आहेत, पाच वेगवेगळ्या अव्हेन्यूंखाली, आणि एकातून दुसऱ्यात आतून जाता येत नाही. कारण वर आलंच आहे, एकमेकांना खेटून टाकलेल्या लाइनी. “२३ स्ट्रीटला भेटू” असं कधीच ठरवू नका. “६ नंबरच्या २३ स्ट्रीटला, पार्क अव्हेन्यूवर” असं ठरवा.

पायरी ४: जिना उतरण्याआधी पाटी वाचा

हे या लेखातलं सगळ्यात कामाचं कलम आहे. बऱ्याच छोट्या स्टेशनांवर अपटाउनचा जिना रस्त्याच्या एका बाजूला असतो आणि डाउनटाउनचा दुसऱ्या. आतून पलीकडे जायला वाटच नसते.

उदाहरण घेऊ. लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर सव्वीस ते तीस स्ट्रीटच्या पट्ट्यात भारतीय खानावळी आणि किराणा दुकानं आहेत, त्या भागाला करी हिल म्हणतात. जवळचं स्टेशन म्हणजे ६ नंबरचं २८ स्ट्रीट, पार्क अव्हेन्यू साउथवर. मसाले घेऊन तुम्ही परत निघालात. पूर्वेकडच्या जिन्यावर ‘अपटाउन अँड द ब्राँक्स’ लिहिलंय, पश्चिमेकडच्या जिन्यावर ‘डाउनटाउन अँड ब्रुकलिन’. घाईत जवळचा जिना उतरलात, टॅप केलं आणि समोरच्या रुळांपलीकडे तुमची गाडी येताना दिसली, तर वर या, रस्ता ओलांडा आणि पुन्हा पैसे भरा.

कारण १९०४ च्या बांधकामात आहे. रस्ता वरून उघडायचा, खंदक खणायचा, त्यावर छत घालून पुन्हा रस्ता करायचा, अशी ती पद्धत. रूळ रस्त्याच्या अगदी खाली आले. प्रवाशाला एकच जिना उतरून गाडी मिळाली, पण दोन्ही प्लॅटफॉर्मना जोडणारा मधला मजला घालायला जागाच राहिली नाही. आयएनडीची स्टेशनं खोल आहेत, तिथे गेटनंतर लांबलचक मधला मजला लागतो आणि बहुतेक ठिकाणी दिशा आत गेल्यावर निवडता येते. जिने मात्र जास्त चढावे लागतात.

जिन्याच्या खांबावरचे गोळेही बघा. हिरवा गोळा म्हणजे ते दार चोवीस तास उघडं. लाल गोळा म्हणजे ठरावीक वेळच, किंवा तिथून फक्त बाहेर पडता येतं.

आईबाबा सहा महिन्यांसाठी आले असतील किंवा बाळाची गाडी बरोबर असेल, तर नकाशात व्हीलचेअरचं चिन्ह असलेलं स्टेशन शोधून मगच निघा. एकूण ४७२ स्टेशनांपैकी बहुसंख्य ठिकाणी अजून लिफ्ट नाही. २०२२ मध्ये झालेल्या समझोत्यानुसार २०५५ पर्यंत ९५ टक्के स्टेशनं सुगम करायची आहेत. हे फार उशिराचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला आज बाहेर पडायचं असतं. त्यामुळे लिफ्ट चालू आहे का हेही निघताना एमटीएच्या, म्हणजे सबवे चालवणाऱ्या संस्थेच्या, अॅपवर पाहून घ्या.

पायरी ५: प्लॅटफॉर्मवर, फास्ट की स्लो?

इथे मुंबईकर सुखावतो, कारण गणित ओळखीचं आहे. एक्स्प्रेस म्हणजे फास्ट, लोकल म्हणजे स्लो. मुख्य लाइनींवर चार रूळ आहेत, मधले दोन फास्टचे आणि कडेचे दोन स्लोचे. पार्सन्स यांनी १९०४ च्या पहिल्या लाइनीतच ही चार रुळांची आखणी केली आणि आजही न्यूयॉर्कची खरी ताकद तीच आहे.

लेक्सिंग्टन लाइनवर ४ आणि ५ फास्ट, ६ स्लो. १४व्या स्ट्रीटवरच्या युनियन स्क्वेअरहून सुटलेली ४ नंबर थेट ग्रँड सेंट्रलला थांबते. २३, २८, ३३ स्ट्रीट गेले. करी हिलला जायचं असेल तर युनियन स्क्वेअरला उतरून त्याच प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या कडेला येणारी ६ घ्यायची. नकाशावर पांढरा ठिपका म्हणजे फास्ट थांबते, काळा ठिपका म्हणजे फक्त स्लो. गाडीचा आकडा गोलाऐवजी चौकटच्या आकारात असेल, तर ती त्या लाइनची फास्ट फेरी.

इंडिकेटरवर पुढच्या गाड्यांची मिनिटं दिसतात. एल आणि ७ या लाइनींवर गाडी कुठे आहे ते संगणकाला सतत कळतं, म्हणून गाड्या जवळजवळ आणि नेमाने सोडता येतात. बाकी बऱ्याच जाळ्यावर जुनी सिग्नल पद्धत आहे. रुळांचे तुकडे पाडलेले, एका तुकड्यात गाडी आहे एवढंच कळतं, तुकड्यात नेमकी कुठे ते नाही. म्हणून मागच्या गाडीला लांब अंतर राखावं लागतं. बोगद्यात गाडी थांबून “पुढे गाडी आहे” अशी घोषणा झाली तर घाबरायचं काही नाही.

प्लॅटफॉर्मच्या मध्यावर वर बघा. काळ्या-पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांची एक लांबट पाटी टांगलेली दिसेल. गाडी थांबली की मधल्या डब्यातला कंडक्टर खिडकी उघडतो आणि त्या पाटीकडे बोट दाखवतो. पाटी बरोबर त्याच्या समोर आली, म्हणजे सगळी गाडी प्लॅटफॉर्मला लागली. मगच दारं उघडायची. जपानी रेल्वेवरून घेतलेली ही रीत इथे १९९६ पासून आहे. एकदा मुद्दाम उभं राहून बघा, प्रत्येक गाडीला, प्रत्येक स्टेशनात ते बोट बाहेर येतं. तुमच्या कामाचा भाग असा की रात्री उशिरा या पाटीखाली उभं राहावं. कंडक्टरचा डबा नेमका तुमच्यासमोर येतो. जी गाडीसारखी काही ठिकाणी गाडी प्लॅटफॉर्मपेक्षा आखूड असते, तेव्हाही मध्यावर उभा असलेला माणूस पळापळीतून वाचतो.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. रुळांवर काहीही पडलं, फोन असो की पासपोर्ट, खाली उतरायचं नाही. मुंबईत वीज डोक्यावरच्या तारेत असते. इथे ती रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळात आहे, ६०० व्होल्टच्या आसपास. स्टेशनच्या कर्मचाऱ्याला सांगा, ते काढून देतात. उभं राहतानाही पिवळ्या पट्टीच्या बरंच मागे, शक्य असेल तर खांबाला किंवा भिंतीला पाठ लावून राहा.

पायरी ६: गाडीत

उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या, पाठीवरची सॅक काढून पायाशी ठेवा, दाराला टेकून अडवून उभे राहू नका. भर गर्दीच्या गाडीत एकच डबा रिकामा दिसला तर त्यात चढू नका. उन्हाळ्यात त्यातला एसी बंद असतो, एरवी असह्य वास असतो. चालत्या गाडीत एका डब्यातून दुसऱ्यात दार उघडून जाण्यावर बंदी आहे. २०२४ पासून सी लाइनवर आलेल्या काही नव्या गाड्या आतून सलग आहेत, त्यांत अर्थात चालत जाता येतं.

जमिनीखालच्या स्टेशनांत वायफाय आहे, बोगद्यांत मात्र बहुतेक ठिकाणी नेटवर्क जातं. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. दाराजवळ उभं राहून फोन हातात सैल धरू नका, दारं बंद होता होता हिसकावून नेतात.

पायरी ७: गाडी बदलताना

शक्य तिथे एकाच प्लॅटफॉर्मवर समोरासमोर बदल होईल असं बघा. एकाच जुन्या कंपनीच्या दोन गाड्यांमध्ये हे सोपं असतं. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनींमध्ये बदलायचं तर लांब भुयार, जिने आणि वळणं ठरलेली. टाइम्स स्क्वेअरला १, २, ३ वरून ए, सी, ई कडे जायचं तर सातव्यापासून आठव्या अव्हेन्यूपर्यंतचा अख्खा ब्लॉक जमिनीखालून चालावा लागतो. अॅप ज्याला ‘बदल’ म्हणतं त्यात हे चालणं किती आहे ते बघूनच रस्ता निवडा. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू चालणाऱ्यांची.

पायरी ८: रात्र आणि शनिवार-रविवार

न्यूयॉर्कची सबवे चोवीस तास चालते. जगात इतक्या मोठ्या जाळ्याचं हे फार दुर्मीळ वैशिष्ट्य आहे. करोनाकाळात, मे २०२० ते मे २०२१, रात्री ती बंद ठेवली होती, तो मोठा अपवाद. मुंबईची लोकल रात्री एक ते चारच्या दरम्यान थांबते आणि त्या वेळात रुळांची कामं होतात. इथे तशी झोपच नाही. मग दुरुस्ती कधी करायची? चार रूळ असल्याने दोन बंद करून उरलेल्या दोनवर गाड्या चालवतात, मुख्यतः रात्री आणि शनिवार-रविवारी. तुमची फास्ट स्लो होते, एखादी गाडी दुसऱ्याच अव्हेन्यूवरून जाते, एखाद्या स्टेशनात एकाच दिशेला थांबते. हा भोंगळ कारभार वाटतो, पण चोवीस तासांच्या सेवेची ती किंमत आहे.

कामंही थोडी नाहीत. पाऊस नसलेल्या दिवशीसुद्धा बोगद्यांतून सुमारे १ कोटी ३० लाख गॅलन पाणी पंपाने उपसावं लागतं. ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळात नदीखालच्या बोगद्यांत समुद्राचं खारं पाणी शिरलं. त्या मिठाने खाल्लेल्या केबल आणि भिंतींची कामं पुढे वर्षानुवर्षं चालली. एल गाडीच्या बोगद्याचं काम २०२० मध्ये संपलं.

लक्षात ठेवण्यासारखं थोडकंच: बी शनिवार-रविवारी नसते. डब्ल्यू फक्त सोमवार ते शुक्रवार. मध्यरात्रीनंतर सी नसते आणि ए तिची स्लो स्टेशनं घेते, ४ सुद्धा स्लो होते, ५ मॅनहॅटनमध्ये येत नाही. बाकीचं अॅपमध्ये आणि स्टेशनातल्या खांबांवर चिकटवलेल्या कागदांवर असतं. शुक्रवारी संध्याकाळी घरी जाताना ते कागद वाचायची सवय लावा.

पायरी ९: विमानतळ आणि आपली माणसं

जेएफके विमानतळावर उतरलात की एअरट्रेन, म्हणजे विमानतळाला सबवेशी जोडणारी गाडी, घ्या. तिचं भाडं वेगळं असतं आणि सबवेच्या साप्ताहिक मर्यादेत ते धरत नाहीत. जमैकाला उतरून ई पकडली की थेट मिडटाउन, म्हणजे मॅनहॅटनचा मधला भाग. हॉवर्ड बीचला ए मिळते. विमानतळाकडे जाताना मात्र ए नीट पाहून घ्या. तिला फाटे आहेत. ‘फार रॉकअवे’ किंवा ‘रॉकअवे पार्क’ लिहिलेली हॉवर्ड बीचला जाते, ‘लेफर्ट्स बुलेव्हार्ड’ लिहिलेली जात नाही. ला गार्डिया या दुसऱ्या विमानतळाला सबवे नाही. जॅक्सन हाइट्सच्या रूझवेल्ट अव्हेन्यू स्टेशनाबाहेरून क्यू७० ही बस फुकट नेते.

त्याच स्टेशनाबाहेर ७४वी स्ट्रीट आहे. पोहे, साबुदाणा, हरभऱ्याची डाळ, सोन्याची दुकानं, सगळं इथे. ई, एफ, एम, आर खाली आणि ७ वर पुलावर, त्यामुळे शहराच्या कुठल्याही भागातून येणं सोपं. ७ गाडीने शेवटपर्यंत गेलात की फ्लशिंग. तिथून बसने, किंवा साधारण पंचवीस मिनिटं चालत, बाऊन स्ट्रीटवरचं गणपतीचं मंदिर येतं. १९७७ मध्ये त्याची प्राणप्रतिष्ठा झाली. खाली कँटीनही आहे.

बरीच मराठी कुटुंबं नदीपलीकडे जर्सी सिटीत राहतात. तिकडे जाणारी पाथ ही वेगळी रेल्वे आहे, वेगळ्या संस्थेची. स्टेशनं शेजारी असली आणि तेच बँक कार्ड दोन्हीकडे चाललं तरी भाडं दोनदा पडतं, आणि ओम्नी कार्ड तिथे चालत नाही. घर भाड्याने घेताना महिन्याच्या खर्चात दोन्ही भाडी धरा.

पायरी १०: एक सरावाची फेरी

पहिल्या मोकळ्या दिवशी, दुपारी, १९०४ च्या मूळ मार्गावरून एक फेरी मारा. आज ती लाइन तीन गाड्यांत वाटली गेली आहे, कारण १९१८ मध्ये मार्ग बदलून पूर्व आणि पश्चिम अशा दोन उभ्या लाइनी केल्या आणि मधला आडवा तुकडा शटल म्हणून उरला. शटल मध्यरात्रीनंतर नसते, म्हणून दुपारची वेळ.

ब्रुकलिन ब्रिज–सिटी हॉलहून अपटाउन ६ घ्या. अॅस्टर प्लेसला भिंतीवरच्या मातीच्या फरशांत बीव्हर दिसेल, झाड कुरतडणारा. अॅस्टर घराण्याची संपत्ती या प्राण्याच्या कातडीच्या व्यापारातून आली होती. १४ आणि २३ स्ट्रीटच्या मध्ये खिडकीला कपाळ लावा. अंधारात एक पूर्ण स्टेशन मागे जातं. ते १८ स्ट्रीट, १९४८ मध्ये बंद झालं. लांब गाड्यांसाठी शेजारचे प्लॅटफॉर्म वाढवले आणि मधलं स्टेशन नको झालं. ग्रँड सेंट्रलला उतरून शटलने टाइम्स स्क्वेअर, तिथून १ नंबरची अपटाउन स्लो.

११६वी स्ट्रीट म्हणजे कोलंबिया विद्यापीठ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात इथे शिकले, तेव्हा हे स्टेशन नुकतंच दहा वर्षांचं होत होतं. विद्यापीठाच्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. बघायला जायचं तर आत सोडण्याचे नियम आधी तपासा. पुढे गाडी अचानक उजेडात येते. १२५व्या स्ट्रीटवर जमीन खोलगट आहे, रूळ मात्र सपाट ठेवायचे होते, म्हणून पोलादी कमानीवरून पूल नेला. मग पुन्हा बोगदा आणि १४५वी स्ट्रीट.

परतीला डाउनटाउन १ घ्या आणि ९६व्या स्ट्रीटला उतरून समोरच्या कडेच्या २ किंवा ३ मध्ये चढा. टाइम्स स्क्वेअरपर्यंत ती फक्त ७२व्या स्ट्रीटला थांबते.